रांग म्हणजे लागवड

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण समुद्राचा तळ मला पाठ आहे. बढाई मारत नाही, कामाचं सांगते.

नाशिकला दिंडोरी रोडवर ठिबकच्या नळ्या विकणारं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली शेतकरी नळ्यांची भेंडोळी खांद्यावर टाकून नेत असतात आणि वर आम्ही पाच जणी कोकणातल्या उपसागरांचा तळ बघत बसलेल्या असतो. तिकडे एक होडी पाण्यातून लांबट यंत्र ओढत नेते. त्याला सगळे ‘मासा’ म्हणतात. हा मासा दोन्ही बाजूंना आवाज सोडतो, तो आवाज तळावर आपटून परत येतो आणि त्याचं चित्र तयार होतं. गाळ असेल तिथे चित्र मळकट, कठीण वस्तू असेल तिथे उजळ ठिपका, आणि ठिपक्यामागे काळी सावली, कारण वस्तूच्या आड आवाज पोचत नाही. पाणी इतकं गढूळ की कॅमेऱ्याला हातभर पुढचं दिसत नाही, म्हणून सगळी भिस्त या सावल्यांवर. ठिपका टायरचा, पत्र्याचा की फाटक्या जाळ्याचा, हे आम्ही ठरवायचं. कचरा असेल तर लाल खूण, नसेल तर हिरवी.

ऑफिस मोहिनी मॅडमचं. बाई भूगर्भशास्त्र शिकलेल्या, बोलायला मोजक्या आणि पुराव्याशिवाय कुणाचं काही ऐकायचं नाही अशा. मुलाखतीत त्यांनी मला विचारलं होतं, “आधी काय केलंय?”

मी म्हणाले, “माहेरी मखमलाबादला झेंडूची शेती आहे. बांधावर उभी राहून कुठल्या सरीत पाणी पोचलेलं नाही ते सांगते.”

त्या हसल्या आणि मला सोमवारपासून यायला सांगितलं.

पहिल्याच वर्षी मी नाव काढलं. एका उपसागराच्या चित्रात नव्वद उजळ ठिपके होते आणि संगणकाने ते सगळे कचऱ्यात काढले होते. मी म्हणाले, हा कचरा नव्हे. कचरा वाट्टेल तिथे पडतो. हे ओळीत आहेत, म्हणजे कुणीतरी हाताने ठेवलेत. चौकशी केली तर मच्छीमारांच्या जाळ्यांना तळाशी धरून ठेवणारे दगड निघाले. उपसायला निघालेली यंत्रं थांबली, लोकांची जाळी वाचली. आमच्याकडे कामाच्या नियमांची एक वही आहे. तिच्यात मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘रांग म्हणजे लागवड. रांगेतल्या वस्तूंना लाल खूण करू नये.’ खाली कंसात माझं नाव, रूपाली. नियमाखाली नाव असलेली ऑफिसात मी एकटीच. नवीन मुलगी कामाला आली की मी तिला आधी ते पान उघडून दाखवायचे.

सोनवेळ गावच्या उपसागराचं चित्र आमच्याकडे आलं तेव्हा भाग्यश्री नवीन होती. सटाण्याकडची, कमी बोलणारी, काम मात्र नेटकं. तिने तीन लांबच लांब रांगांमधल्या एकशे शहाऐंशी ठिपक्यांना लाल खुणा करून ठेवल्या होत्या. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि विचारलं, “वही वाचलीस का गं?”

“वाचली ताई. पण हे मला सारखे वाटत नाहीयेत.”

“सारखे म्हणजे?”

तिला सांगता येईना. मी म्हणाले, “सांगता येत नसेल तर हिरवं कर.” तिने केलं. एकशे शहाऐंशी वेळा बटण दाबल्याचा आवाज मी माझ्या जागेवरून ऐकला, आणि मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही.

त्याच आठवड्यात सोनवेळच्या देवराम तांडेलांना मी फोन केला. प्रत्येक ठिकाणच्या मच्छीमारांना सात प्रश्न विचारायचे असतात, फॉर्मच आहे तसा. चौथा प्रश्न, तळाशी कशात जाळं अडकतं का. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, आणि हे साठीच्या पुढचे. आवाज खणखणीत.

“अडकतंय म्हंजे काय, फाटतंय बाय! दोन वर्सं झाली. गावाने अर्ज दिलाय, तळ साफ करा म्हणून. आसं बगा, देवळाचा कळस काळ्या खडकावर धरायचा, आन् दुसरीकडून…”

मला अजून अकरा फोन करायचे होते. मी त्यांना मधेच तोडलं. “काका, आम्ही सगळा तळ पाहिलाय. तिथे काही नाही.”

“तुमी पायलाय?”

“चित्रात. इंच न् इंच.”

ते म्हणाले, “मग आमची जाळी उंदरांनी कुरतडली आसतील,” आणि फोन ठेवला.

मी फॉर्मवर लिहिलं, ‘जाळी जुनी असावीत. तक्रारीत तथ्य नाही.’

हे वाक्य अहवालात गेलं, आणि अहवालाची एक कच्ची प्रत सोनवेळच्या मच्छीमार सोसायटीकडे. अहवाल दसऱ्यानंतरच्या सोमवारी सोनवेळच्या लोकांसमोर आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यांसमोर वाचला जाणार होता. गावाने तळ साफ करायला मागितला होता, आणि तिकडे क्रेनची होडी पाठवायची की नाही, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. आमचा अहवाल सांगत होता की तळ स्वच्छ आहे. एकदा त्यावर शिक्का बसला की सोनवेळच्या लोकांचं पुन्हा कुणी ऐकलं नसतं.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला मी माहेरीच असते. सासरचे म्हणतात, हिला सोनं वाटायला घरी थांबायचं सोडून फुलं तोडायला जायचं असतं. खरंच आहे ते. यंदा झेंडू दृष्ट लागावी असा आला होता. पहाटेपासून आम्ही गणेशवाडीच्या फुलबाजारात उभे होतो, माझा भाऊ भारत, नाना म्हणजे आमचे वडील, आणि मी. दहापर्यंत माणूस माणसाला ढकलत होतं. बारा वाजता लोकांच्या दारांवर तोरणं लागली आणि बाजार एकदम ओसरला. तीनला आम्ही टेम्पोत पाहिलं, फुलांची चाळीस कॅरेट, म्हणजे प्लास्टिकचे क्रेट, उरली होती. तोरण लागून गेल्यावर झेंडूला कोण विचारतो!

उरलेली फुलं नाना मातोरी रस्त्याच्या कडेला टाकायला लावतात. त्यांची पद्धत ठरलेली. एका जागी ढीग घालायचा नाही. ढीग कुजतो, वास मारतो, आणि गुरं वरवरचं खाऊन आतलं तसंच सोडतात. टेम्पो हळू चालू ठेवायचा आणि मागून एकेक कॅरेट कडेला उपडं करत जायचं. संध्याकाळपर्यंत गुरं सगळं फस्त करतात. टेम्पो भारतने घेतला, नाना त्याच्या शेजारी बसले आणि मी मागे चढले.

फुलं टाकताना लोकांना वाईट वाटतं. मला राग येतो. उन्हाळ्यात रोपं आणायची, पावसाळाभर निंदायचं, हाताला तो हिरवा कडू वास बसेपर्यंत तोडायचं, आणि मग हे. त्या रागाच्या भरात पहिली दहा-बारा कॅरेट मी धडाधड उपडी केली. मग दंड भरून आले. एक टाकलं की मी श्वास घेत होते, मग दुसरं ओढत होते. विसाव्या कॅरेटला मी भारतला हाक मारून पाण्याची बाटली मागितली. टेम्पो चालूच होता. पाणी पिऊन मी पुन्हा जोरात लागले, पुन्हा दमले. शेवटी सहा कॅरेट उरली तेव्हा मला वैताग आला. नाना काय म्हणतील ते म्हणोत, म्हणून सहाच्या सहा मी एकाच जागी ओतून दिली आणि फळीवर बसले.

बसल्यावर मी मागे पाहिलं.

साडेचार वाजले होते. ऊन तिरपं झालं होतं. रस्त्याच्या कडेने माझ्या फुलांचे ढिगारे लांबवर गेले होते, एकामागे एक, रांगेत. प्रत्येक ढिगारा उजळ आणि प्रत्येकाच्या मागे काळी सावली. हे चित्र मी आधी पाहिलं होतं. ऑफिसात, भाग्यश्रीच्या खुर्चीमागे उभी राहून.

मी टेम्पोच्या टपावर थापा मारल्या. “भारत, थांबव! थांबव म्हणते ना!”

भारतने करकचून ब्रेक दाबला. “काय झालं? पडली का?”

मी उडी मारून उतरले आणि शेवटच्या ढिगाऱ्यापासून उलटी चालायला लागले, पावलं मोजत. मधल्या ढिगाऱ्यांमध्ये कुठे पंधरा पावलं, कुठे अकरा, कुठे सात. मग एक लांब रिकामी जागा, पासष्ट पावलांची. ती पाण्याची बाटली. तिच्या पलीकडे पुन्हा सोळा, बारा, नऊ, आणि अगदी सुरुवातीला सहा, सहा, सहा. जिथे मी ताजी होते तिथे ढिगारे जवळजवळ, जिथे दमले तिथे लांबलांब, आणि जिथे वैतागले तिथे एकच मोठा ढीग. ही रांगच होती, पण ही कुणी लावलेली नव्हती. ही मी फेकलेली होती.

नाना उतरून माझ्यामागे येत होते. “रूपे, फुलं मोजती का आता? टाकलेली?”

“नाना, झेंडू लावताना दोन रोपांत अंतर किती ठेवता?”

“दोन फूट. येड लागलं का तुला? लहानपणापासनं दोरी धरून लावती तू.”

“सगळीकडे दोन फूट?”

“मंग? लागवड हाय ती. कुठं दोन आन् कुठं पाच कसं चालंल?”

तेच तर. कुठं दोन आन् कुठं पाच. मखमलाबादच्या पोरीने रांग पाहिली आणि तिच्यातलं अंतर पाहिलं नाही! वाफ्यात दोरी धरून मी मोठी झाले, आणि नियम केला तो अर्धाच. भाग्यश्री म्हणाली होती, हे सारखे वाटत नाहीत. तिला हेच म्हणायचं होतं. आणि देवराम तांडेल मला कळस आणि काळा खडक सांगत होते, तर मी त्यांना म्हणाले, तिथे काही नाही.

भारत म्हणाला, “ताई, चल ना. गुरं यायला लागली.” दोन गायी पहिल्या ढिगाऱ्याला तोंड लावत होत्या. मी मोबाइलवर त्या रांगेचे फोटो काढले आणि मगच टेम्पोत बसले.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. सोनवेळचं चित्र उघडलं आणि पहिल्या रांगेतली अंतरं मोजली. बारा मीटर, बारा, तेरा, सोळा, एकोणीस, चोवीस. मग ऐंशी मीटर मोकळं. कुणीतरी पाणी प्यायलं असेल किंवा बिडी ओढली असेल. पुन्हा बारा, तेरा, सतरा, तेवीस. आणि रांगेच्या टोकाला चौदा ठिपक्यांचा गच्च ढीग. दुसरी रांग तशीच, टोकाला तसाच ढीग. मग मी पहिल्या वर्षीचं ते नव्वद दगडांचं चित्र काढलं. वीस, वीस, वीस, वीस. जाळ्याच्या लांबीचं माप, दोरी धरून ठेवल्यासारखं. मी तीन वर्षं त्या चित्राच्या जोरावर मान ताठ करून फिरत होते, आणि त्यातली अंतरं कधी मोजली नव्हती.

भाग्यश्री आली. मी तिला शेजारी बसवलं आणि दोन्ही चित्रं दाखवली. मी सहसा माफी मागत नाही. मागितली. ती गोंधळली आणि म्हणाली, “असू द्या ताई. मला तरी कुठे सांगता आलं?”

“तुला सांगता आलं नाही कारण मी ऐकायला थांबले नाही. आता त्या खुणा लाल कर. तूच कर.”

या वेळी तो बटणाचा आवाज मी नीट ऐकला.

मोहिनी मॅडम आल्यावर मी त्यांच्यासमोर नियमांची वही, समुद्राची चित्रं आणि मोबाइलमधला झेंडू असं सगळं मांडलं. त्यांनी झेंडूच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. चष्मा काढला, पुसला.

“म्हणजे तुझं म्हणणं, चालत्या होडीतून फेकलंय.”

“चालत्या होडीतून, हाताने, दोघातिघांनी. जड काहीतरी. आम्ही लांबवर टाकतो ते गुरांसाठी. यांनी लांबवर टाकलं ते एका जागी उंचवटा दिसू नये म्हणून. पण माणूस दमतो मॅडम. टेम्पोत दमतो तसा होडीत दमतो.”

“अहवाल सोमवारी आहे, रूपाली. छापून झालाय.”

“मग पुन्हा छापू.”

“आणि तुझा नियम तूच मोडणार?”

“माझा आहे, मीच मोडणार. दुसऱ्या कुणी मोडला असता तर मला जास्त लागलं असतं.”

त्या हसल्या नाहीत. वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “अंदाज चांगला आहे. पण मला वस्तू हातात हवी. एक तरी वर काढून दाखव.”

नाशिकला बसून समुद्रातली वस्तू वर काढायची तर एकच माणूस होता. मी देवराम तांडेलांना फोन लावला. नाव सांगितलं.

“तुमीच ना त्या, तळाला काय नाय म्हणणाऱ्या?”

“हो, मीच. माझं चुकलं. त्या दिवशी तुम्ही कळस आणि काळ्या खडकाचं सांगत होता. आज सांगा. मी मधे बोलणार नाही.”

“टाइम हाय का तुमाला?”

“दिवसभर आहे.”

ते एक्केचाळीस मिनिटं बोलले. मी शब्दन् शब्द लिहून घेत होते आणि भाग्यश्री चित्रावर रेघा ओढत होती. त्यांची रीत अशी की किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकापुढे एक धरायच्या, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन धरायच्या, आणि दोन्ही नजरा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा. देवळाचा कळस काळ्या खडकावर आणि शाळेचं कौल उंडीच्या झाडावर, तिथे पहिलं जाळं गेलं. रेघा मिळाल्या त्या बरोबर पहिल्या रांगेच्या टोकाशी, ढिगावर. दुसरी जागा दुसऱ्या रांगेच्या ढिगावर. तिसरी जागा तिसऱ्या रांगेच्या मधोमध. भाग्यश्री माझ्याकडे बघत होती. त्या माणसाकडे ना मासा, ना संगणक. फाटलेल्या जाळ्यांवरून त्याने आमचं चित्र डोक्यात काढून ठेवलं होतं.

“आन् चौथी जागा,” ते म्हणाले, “खाडीच्या तोंडाशी. तिथं सगळ्यात जास्त फाटतंय.”

भाग्यश्रीने रेघा ओढल्या. तिथे काहीच नव्हतं. नुसता मळकट गाळ, एकसुद्धा ठिपका नाही. माझ्या जिभेवर शब्द आले, तिथे काही नाही. मी ते गिळले आणि म्हणाले, “लिहून घेतलं. काका, आधी पहिल्या जागेला आकडा टाकून काही वर निघतंय का बघाल? सोमवारच्या आत?”

“सोमवार कशाला? उद्या सकाळी भरती हाय.”

शनिवारी दहा वाजता त्यांनी व्हिडिओ पाठवला. होडीच्या फळीवर दोरीला बांधलेला लोखंडी आकडा, आणि आकड्यात अडकलेला करड्या रंगाचा धोंडा, कडेला शिंपले चिकटलेले. देवरामांनी त्यावर कोयत्याची मूठ ठोकली. टण्ण आवाज आला. मग त्यांनी कॅमेरा जवळ नेला. धोंड्याच्या अंगावर पोत्याची वीण उमटलेली होती, उभे-आडवे धागे मोजता येतील इतकी स्वच्छ, आणि एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या पोत्याची चिंधी अजून लोंबत होती. पावसात भिजून दगड झालेलं सिमेंट. पलीकडच्या किनाऱ्याला दोन वर्षांपूर्वी धक्क्याचं काम चालू होतं, असं देवराम मागून सांगत होते. ते कुणाचं, हे शोधायला आता सरकार समर्थ होतं. आम्हाला पोतं मिळालं होतं.

मी तो व्हिडिओ मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “सोमवारी तू बोल.”

सोमवारी आम्ही ऑफिसातल्या मोठ्या पडद्यासमोर बसलो. पडद्यात सोनवेळच्या मच्छीमार सोसायटीचा हॉल, पुढे दोन अधिकारी, मागे गाव. पांढऱ्या मिशांचा, खांद्यावर पंचा टाकलेला माणूस पहिल्या रांगेत बसला होता. आवाज ऐकेपर्यंत मला कळलं नाही की हेच देवराम.

मी बोलले. माझ्या आधीच्या चुकीपासूनच सुरुवात केली, लपवलं असतं तर पुढचं कुणाला पटलं नसतं. रांगा दाखवल्या, अंतरं दाखवली, झेंडू दाखवला. झेंडूला हॉलमध्ये हशा पिकला. मग पोत्याचा व्हिडिओ लावला, टण्ण आवाज झाला आणि हशा थांबला. तीन रांगा, एकशे शहाऐंशी पोती, सगळी उपसण्याजोगी. अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यातले एक कागद आवरायला लागले.

“साहेब, आन् चौथी जागा?” देवराम म्हणाले.

मी ते चित्र पडद्यावर आणलं. शेजारी देवरामांचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते. चित्र मळकट, रिकामं.

अधिकारी पडद्याकडे झुकले. “पण तिथे काही नाही.”

ते वाईट माणूस नव्हते. घाईत होते. आवाजही माझ्यासारखाच होता, तोच ठामपणा. हॉलमध्ये देवरामांनी खाली मान घातली आणि पंचा खांद्यावर नीट केला. गप्प बसायची तयारी माणूस अशीच करतो.

“साहेब,” मी म्हणाले, “पहिल्या रांगेच्या शेवटी ढीग आहे. दुसऱ्या रांगेच्या शेवटी ढीग आहे. दमलेला माणूस उरलेलं सगळं एकदम ओततो, मी स्वतः ओतलंय. तिसरी रांग मधेच संपते. तिचा ढीग कुठे आहे? ती रांग तशीच पुढे न्या. खाडीच्या तोंडाला जाते. दोन पावसाळ्यांचा गाळ आलाय तिथे. आमचा मासा गाळाच्या वरचं बघतो, आतलं बघत नाही. तांडेलांचं जाळं आतून फाटतंय. मला दिसत नाही, पण त्यांचं जाळं खोटं बोलत नाही. क्रेन पाठवाल तेव्हा चौथ्या जागेला आकडा टाकल्याशिवाय परत बोलवू नका.”

मॅडम माझ्या शेजारी होत्या. पुराव्याशिवाय काही न ऐकणाऱ्या. मला वाटलं, आता थांबवतील. त्या पुढे झुकून म्हणाल्या, “अहवालात चौथी जागा आहे. माझी सही आहे त्यावर.”

अधिकाऱ्यांनी आवरलेले कागद पुन्हा उघडले.

क्रेनची होडी दिवाळीनंतर गेली. त्या दिवशी मी नवीन मुलीला वही दाखवत होते. जुना नियम तसाच आहे, खोडलेला नाही, माझं नावही खाली आहे. फक्त त्याच्याखाली मी आणखी दोन ओळी घातल्यात, ‘अंतर मोजा. आणि तिथे जाळं टाकणाऱ्याला विचारल्याशिवाय हिरवी खूण करू नये.’ या ओळींखाली भाग्यश्रीचं नाव आहे. ती नको नको म्हणत होती, पण माझ्यापुढे कुणाचं चालतं!

फोन वाजला. देवराम होते, आणि मागे इंजिनाची धडधड, माणसांचा आरडाओरडा.

“बाय, अडकला!”

“काय अडकलं?”

“आकडा! चौथ्या जागेला! चिखलात दोन हात खाली. ढीग हाय, मोठा ढीग. वर काढतायत एकेक.”

मी भाग्यश्रीचा हात धरला. खालच्या दुकानात कुणीतरी नळ्यांचं भेंडोळं धाडकन टाकलं.

“आयकताय ना?” देवराम ओरडून म्हणाले. मग त्यांचा आवाज जरा खाली आला, त्यात हसू होतं. “मंग बाय, जाळी बदलायची का आता? जुनी हायत म्हणं. कुणीतरी कागदावर लिवलं होतं.”

म्हणजे त्यांनी ती कच्ची प्रत आधीच वाचली होती. वाचूनही एक्केचाळीस मिनिटं बोलले होते.

“मीच लिहिलं होतं काका,” मी म्हणाले. “आणि मीच खोडलंय.”